टोस्टरचा ग्रामीण जिल्हा

मराठी भाषेच्या इतिहासाचा धडा शिकवितांना मी दरवर्षीं विल्यम केरीचें नांव फळ्यावर लिहितों. बंगालमधील श्रीरामपूर येथें बसून ज्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश छापून काढिला, त्या गृहस्थाचें नांव महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यास ठाऊक असणें अगत्याचें आहे. केरी १७६१ च्या आगस्ट महिन्यांत इंग्लंडांतील पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत जन्मला, बाप विणकर होता, मुलानें तरुणपणीं जोडे शिवण्याचा धंदा केला, इतकें सांगून मी पुढें जात असें. एके वर्षीं मागल्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, त्यांचा तालुका कोणता?"

वर्ग हंसला, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. आपल्याकडे शाळेंत नांव दाखल करावयाचें असो वा बँकेंत खातें उघडावयाचें असो, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा या चार गोष्टी सांगितल्यावांचून मनुष्याची ओळख पुरी होत नाहीं. मीं फळ्यावर लिहिलें: मुक्काम पॉलर्सपरी, जिल्हा नॉर्दॅम्प्टनशायर. तालुक्याची जागा कोरी राहिली. "उद्यां सांगतों," असें मी त्यास म्हणालों खरें, परंतु तो उद्यां फार लांबला. शोध करूं लागल्यावर दिसून आलें कीं, त्या एका कोऱ्या जागेंत निरनिराळ्या काळीं निरनिराळीं नांवें लिहावीं लागतील, आणि त्यांतलें जें नांव ऐंशीं वर्षें टिकलें तें आज कोणत्याही सरकारी दप्तरांत चालू नाहीं. त्या नाहींशा झालेल्या 'तालुक्याचा' हा वृत्तांत आहे.

त्याचें नांव टोस्टर ग्रामीण जिल्हा. इंग्रजी अक्षरांवरून या गांवाचें नांव कोणीही 'टाउसेस्टर' असें वाचील. पण तेथील लोक त्याचा उच्चार पाव भाजण्याच्या यंत्राप्रमाणेंच करितात, त्यास इलाज नाहीं. 'जिल्हा' या शब्दानेंही वाचकांनीं फसूं नये. आपल्या जिल्ह्याच्या जागीं तिकडे कौंटी असते, आणि तिच्या पोटांत जे ग्रामीण जिल्हे होते ते आपल्या तालुक्याच्या पायरीवरचे, आकारानें तर त्याहूनही बहुधा लहान होते.

टोस्टर हें गांव लहान, परंतु फार जुनें आहे. रोमन लोकांनीं ब्रिटन बेटावर राज्य केलें तेव्हां लंडनहून वायव्येकडे जाणाऱ्या त्यांच्या सडकेवर लॅक्टोडुरुम या नांवाचें ठाणें येथें होतें. ती सडक पुढें वॉटलिंग स्ट्रीट या नांवानें प्रसिद्ध झाली व आजही तिच्यावरून मोटारी धांवतात. ९१७ सालीं डेन लोकांशीं चाललेल्या लढायांत एडवर्ड राजानें या ठिकाणीं तटबंदी करविली. घोड्यांच्या टपालगाड्यांच्या दिवसांत येथें उतारूंच्या खाणावळी भरभराटीस आल्या. डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स' या कादंबरींतील मंडळी पावसांत भिजून ज्या 'सॅरासेन्स हेड' नांवाच्या खाणावळींत उतरली, ती याच गांवची. भोंवतालच्या खेड्यांत शेती, मेंढ्या, बायकांच्या हातचें लेस विणण्याचें काम आणि थोडेंबहुत जोडे शिवण्याचें काम चाले. अशा बाजाराच्या गांवाभोंवतीं जीं खेडीं वसतात त्यांचें आपसांत एक नातें आपोआप जडतें, आणि सरकारी हद्दी पुढें त्याच नात्यावर आंखल्या गेल्या.

केरी जन्मला तेव्हां मात्र 'तालुका' म्हणण्यासारखी जिवंत संस्था तेथें नव्हती. क्लेली नांवाचें 'हंड्रेड', म्हणजे प्राचीन काळापासूनचा महाल, कागदोपत्रीं होता. परंतु लोकांचा रोजचा संबंध येई तो पॅरिशशीं. पॅरिश म्हणजे एका देवळाखालील गांव. गरिबांस भाकरी देणें, रस्त्यावर खडी टाकणें, अनाथ मुलास कोणाच्या तरी हाताखालीं धंद्यास लावणें, हीं सारीं कामें पॅरिशनें करावयाचीं, आणि त्यांसाठीं कर तेथल्याच घरांवर व जमिनींवर बसवावयाचा, असा १६०१ च्या गरिबांच्या कायद्यापासूनचा परिपाठ होता. व्यवस्था जवळची होती, पण कठोरही होती. परगांवचा मनुष्य आजारी पडला तर त्याचा खर्च आपल्यावर पडूं नये म्हणून त्यास गाडींत घालून त्याच्या मूळ पॅरिशींत पोंचविण्याची धडपड चाले. जेथें सर्व एकमेकांस ओळखतात तेथें दया सुलभ असते असें आपण समजतों. पण कर भरणारा व भीक मागणारा हे एकाच गल्लींत राहत असले म्हणजे दयेचा हिशोबही दमडीदमडीनें होतो.

हा खर्च वाढत गेला तेव्हां १८३४ सालीं पार्लमेंटानें नवा कायदा केला. अनेक पॅरिशी एकत्र करून त्यांचा एक 'युनियन' करावा, प्रत्येक युनियनांत गरिबांसाठीं एक 'वर्कहाउस' म्हणजे श्रमगृह असावें, आणि त्याचा कारभार 'गार्डियन' नांवाच्या पंचांनीं पाहावा, अशी ती योजना होती. हद्दी आंखतांना कमिशनरांनीं बहुधा बाजाराचें गांव मध्यभागीं धरिलें. कारण पंच बहुतेक शेतकरी, ते बाजाराच्या दिवशीं तसेही गांवांत येत, तेव्हां एकाच फेरींत गुरें विकून सभाही उरकतां यावी. याप्रमाणें टोस्टर युनियन निर्माण झाला आणि पॉलर्सपरी त्यांत गेली. शेजारीं पॉटर्सपरी या नांवाचा दुसरा युनियन झाला. हा नांवसारखेपणा मीं वर्गांत सांगितला तेव्हां मुलांनीं 'बुद्रुक' आणि 'खुर्द' अशीं नांवें त्या दोन गांवांस ताबडतोब दिलीं.

या पंचांची निवडणूक कशी होई, तें पालकांनीं लक्ष देऊन वाचण्यासारखें आहे. ज्याची मालमत्ता अधिक त्यास मतें अधिक. १८४४ च्या कायद्यानंतर मालक म्हणून सहा व वहिवाटदार म्हणून सहा, अशीं एकाच मनुष्यास बारापर्यंत मतें देतां येत. याशिवाय त्या टापूंतील मॅजिस्ट्रेट, म्हणजे बहुधा मोठे जमीनदार, निवडणुकीवांचूनच पंच म्हणून बसत. ज्याच्या नांवावर कर नाहीं अशा शेतमजुरास मत नाहीं. आणि श्रमगृहांत जाण्याची पाळी येई ती त्याच्यावर.

पुढें पटकीच्या सांथी आल्या. पाणी, मोऱ्या व घाण यांचा रोगाशीं संबंध आहे ही गोष्ट शहरांत पटली आणि मग खेड्यांचें काय, असा प्रश्न उभा राहिला. १८७२ व १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांनीं सारा देश आरोग्याच्या टापूंत वांटला, आणि खेड्यांतील काम नवी संस्था न काढतां त्या गरिबांच्या पंचांकडेच दिलें. एक वैद्यकीय अधिकारी आणि एक 'उपद्रव निरीक्षक' नेमावा, असें ठरलें. 'उपद्रव निरीक्षक' हा शब्द ऐकून आमच्या वर्गास आपल्याच एका शिक्षकांची आठवण झाली; पण त्या अधिकाऱ्याचें काम उकिरडे, तुंबलेलीं गटारें, घाण विहिरी व राहण्यास अयोग्य घरें हुडकून काढण्याचें होतें.

येथें एक कलम असें होतें कीं, त्याच्या योगानें पुढें पुष्कळ वर्षें खेड्यांचें आरोग्य अडून राहिलें. खर्चाचे दोन प्रकार केलेले होते. अधिकाऱ्यांचा पगार वगैरे 'सामान्य खर्च' साऱ्या टापूवर वांटला जाई. परंतु एखाद्या गांवीं मोरी बांधली किंवा नळ आणिला तर तो 'विशेष खर्च' समजून त्या एकाच गांवावर बसे. कल्पना करा कीं, शंभर उंबऱ्यांच्या खेड्यांत चांगल्या पाण्याची योजना करावयाची आहे. कर्ज फेडावयाचें तें त्या शंभर घरांनीं. तेव्हां गांवांतील मोठे करदाते, ज्यांच्या स्वतःच्या वाड्यांत विहीर असे, ते योजनेस विरोध करीत. आणि ज्यांच्या झोंपड्यांजवळ उकिरडा व विहीर शेजारीं शेजारीं, त्यांस बोलावयास जागा नसे. डॉक्टरनें अहवाल लिहावा, निरीक्षकानें नोटीस द्यावी, आणि पंचांनीं प्रकरण पुढील सभेवर ढकलावें, असें इंग्लंडच्या अनेक खेड्यांत चाललें. गरीब गांव गरीब आहे म्हणूनच त्याची सोय होत नाहीं, हा पेंच केवळ आपल्याच देशाचा नव्हे.

१८९४ सालचा स्थानिक स्वराज्याचा कायदा याच स्थितीवर उपाय म्हणून आला. ग्लॅडस्टनच्या शेवटच्या प्रधानमंडळांत हा कायदा पार्लमेंटांतून पार पाडणारे मंत्री हेन्री फाउलर हे एका वेस्लियन पाळकाचे चिरंजीव होते. कायदा मंजूर झाल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची नेमणूक भारतमंत्री म्हणून झाली, म्हणून आपल्या इतिहासांतही त्यांचें नांव आढळतें. या कायद्यानें तीनशेंहून अधिक वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशीस निवडलेली पॅरिश कौन्सिल दिली, आणि युनियनच्या ग्रामीण भागास 'ग्रामीण जिल्हा' हें नांव देऊन त्यावर निवडलेलें ग्रामीण जिल्हा कौन्सिल बसविलें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत पहिल्या निवडणुका झाल्या आणि टोस्टरचा ग्रामीण जिल्हा अस्तित्वांत आला. जो युनियन दोन कौंट्यांत पसरला होता तो सीमेवर तोडावा, असाही नियम होता. म्हणून शेजारच्या पॉटर्सपरी युनियनांतील बकिंगहॅमशायरकडील गांवें निराळीं झालीं व उरलेल्यांचा पॉटर्सपरी ग्रामीण जिल्हा बनला.

मालमत्तेच्या मानानें अधिक मतें देण्याची चाल मोडली; एका मनुष्यास एक मत मिळालें. मॅजिस्ट्रेटांच्या आयत्या खुर्च्या गेल्या. उमेदवारानें अमुक किंमतीच्या घरांत राहिलें पाहिजे ही अटही गेली, त्यामुळें मजूर, जोडे शिवणारा किंवा शाळामास्तर यांस निदान कायद्यानें तरी उभें राहतां आलें. स्त्रियांस, विवाहित असोत वा अविवाहित, या कौन्सिलांसाठीं मत देतां येऊं लागलें व निवडूनही येतां येऊं लागलें. पार्लमेंटाच्या निवडणुकींत त्यांस मत मिळण्यास आणखी चोवीस वर्षें लागलीं. तरी याच कायद्यांत एक चमत्कारिक वाक्य आहे. जिल्हा कौन्सिलाचा अध्यक्ष आपल्या हुद्द्यामुळें मॅजिस्ट्रेट होईल, 'जर ती स्त्री नसेल तर'! म्हणजे स्त्रीनें अध्यक्ष व्हावें, सभा चालवावी, पण न्यायासनावर बसूं नये. ही अडचण १९१९ सालीं दूर झाली.

आणखी एक बारीकशी गोष्ट. जिल्हा कौन्सिलाचें मतदान गुप्त असे. परंतु पॅरिश कौन्सिलाची निवड गांवसभेंत हात वर करून होई, आणि कोणी रीतसर मागणी केली तरच चिठ्ठ्या टाकल्या जात. आतां ज्याची झोंपडी मालकाची, ज्याची मजुरी मालकाची, त्यानें मालकाच्या डोळ्यांदेखत हात वर करावयाचा कोणासाठीं? इंग्लंडांत शेतमजुरांचीं घरें पुष्कळदां नोकरीला बांधलेलीं असत. काम सुटलें कीं घरही सुटे. म्हणून कायदा एक गोष्ट देतो आणि घराचें छप्पर ती परत घेतें, असा प्रकार कांहीं काळ चालला.

आपल्याकडील वाचकांस येथें एक आश्चर्य वाटेल. लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ च्या मे महिन्यांत काढिला, आणि त्यास अनुसरून मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं लोकलबोर्डांचा कायदा झाला. म्हणजे आमच्या तालुका लोकलबोर्डांत निवडलेले सभासद बसूं लागल्यानंतर दहा वर्षांनीं टोस्टरसारख्या ठिकाणीं ग्रामीण जिल्हा कौन्सिल निवडलें गेलें. अर्थात् यावरून फुशारकी मारण्याचें कारण नाहीं. आमच्या बोर्डांत निवडलेल्या सभासदांबरोबर सरकारनियुक्तही असत, जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानीं कलेक्टर बसे, आणि मतदार मूठभर होते. टोस्टरच्या कौन्सिलास अध्यक्ष निवडण्यासाठीं कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. नांव एक व जीव दुसरा, असा हा फरक होता.

कौन्सिलाच्या कारभाराची तऱ्हा साधी होती. एकेका पॅरिशीतून एक किंवा अधिक सभासद येत, आणि तेच सभासद आपापल्या गांवचे गरिबांचे पंचही असत. सकाळीं श्रमगृहाचा हिशोब व दुपारीं विहिरींचा, असें एकाच मंडळीस एकाच दिवशीं करितां येई. थोड्याच वर्षांत गांवोगांवच्या रस्त्यांचें कामही कौन्सिलाकडे आलें. बोटींत राहणाऱ्या कुटुंबांसाठीं वेगळा कायदा होता, आणि तो टोस्टरच्या टापूंत महत्त्वाचा होता. कारण स्टोक ब्रूअर्न या गांवावरून लंडन व मिडलंड प्रांत यांस जोडणारा ग्रँड जंक्शन कालवा जातो. डोंगराखालून काढलेला त्याचा ब्लिसवर्थचा बोगदा सुमारें २.८ किलोमीटर लांब असून तो १८०५ च्या मार्चमध्यें खुला झाला, म्हणजे ज्या वर्षीं तिकडे श्रीरामपुरास केरीचें मराठी व्याकरण छापून निघालें त्याच वर्षीं. बोगद्यांत घोडा चालण्यास वाट नव्हती. म्हणून माणसें फळीवर उताणीं पडून भिंतीस पाय लावीत व बोट पुढें ढकलीत. या बोटवाल्यांचे संसार आठ हातांच्या खोपटांत चालत आणि त्यांस पॅरिश अशी नसे. मुलांची शाळा बुडे, आजाऱ्यास डॉक्टर नसे. १८७७ च्या कायद्यानें अशा बोटींची नोंदणी आरोग्याच्या टापूंत करण्याचें ठरलें. तरी कागदावरील नोंदणीनें ताप उतरत नाहीं. स्टोक ब्रूअर्न येथें पुष्कळ वर्षें या लोकांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिकेचें नांव त्या कालव्यावर घरोघरचें झालें, आणि १९५१ सालीं सरकारनें तिला पदक दिलें.

पहिल्या महायुद्धानंतर कौन्सिलांच्या कामास नवें वळण लागलें. १९१९ च्या कायद्यानें घरें बांधणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें आणि त्यासाठीं सरकारी मदत देऊं केली. इंग्लंडच्या खेड्यांत गांवाच्या कडेस विटांच्या जोडघरांची जी ओळ दिसते, पुढें बाग, मागें परसूं, ती बहुधा या किंवा यानंतरच्या कायद्यांखालीं ग्रामीण जिल्हा कौन्सिलानें बांधलेली असते. त्या घरांचें भाडें कौन्सिलास द्यावयाचें, मालकास नव्हे. त्या घरांत राहणारा मजूर आपल्या मालकाच्या विरुद्ध बोलला तरी त्याचें बिऱ्हाड रस्त्यावर येत नसे. मला स्वतःस या सर्व वृत्तांतांत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. १८९४ सालीं दिलेलें मत या विटांच्या घरांनीं खरें केलें.

मग एकेक काम हातचें जाऊं लागलें. १९२९ च्या कायद्यानें गरिबांचे पंच बरखास्त झाले व ग्रामीण रस्ते कौंटीकडे गेले. १९३० च्या १ एप्रिलपासून तशी अंमलबजावणी झाली. त्याच कायद्यान्वयें कौंट्यांनीं आपल्या पोटांतील लहान जिल्ह्यांची फेरतपासणी केली, आणि १९३५ सालीं पॉटर्सपरीचा ग्रामीण जिल्हा मोडून त्यांतील बहुतेक गांवें टोस्टरला जोडलीं. त्यांत ग्रॅफ्टन रीजिस हें गांवही आलें, जेथें १४६४ सालीं चवथ्या एडवर्ड राजानें एलिझाबेथ वुडव्हिल या विधवेशीं गुपचूप लग्न लाविलें होतें. राजाच्या गुप्त लग्नाचें गांव आणि जोडे शिवणाऱ्या केरीचें गांव याप्रमाणें एका कौन्सिलाखालीं आलीं, व दोहोंचें पाणी एकच निरीक्षक तपासूं लागला.

त्या काळींही पुष्कळ इंग्रज खेड्यांत नळ नव्हता, बायका पंपावरून बादल्या भरून आणीत आणि शौचकूप परसांत असे, हें आमच्या मुलांस खरें वाटत नाहीं. विशेष खर्चाचा जुना पेंच खरोखर सुटूं लागला तो १९४४ च्या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कायद्यानंतर, जेव्हां मध्यवर्ती खजिन्यांतून मोठी रक्कम या कामासाठीं ठेवण्यांत आली. मध्यंतरीं युद्धामुळें १९४३ सालीं सिल्व्हरस्टोन गांवीं विमानतळ उघडला होता. युद्ध संपल्यावर त्याच्या धांवपट्ट्यांवर व भोंवतालच्या सडकेवर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, आणि १९५० च्या मे महिन्याच्या १३ तारखेस जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंतील अगदीं पहिली शर्यत तेथेंच झाली. टोस्टर व पॉलर्सपरी हीं नांवें न ऐकलेल्या मुलांनाही सिल्व्हरस्टोन ठाऊक होतें, हें मी कांहींशा खेदानें नमूद करितों.

१९४७ च्या कायद्यानें घरबांधणीच्या व जमिनीच्या नियोजनाची मुख्य सत्ता कौंटीकडे गेली. १९६७ सालीं शेजारच्या बकिंगहॅमशायरमध्यें मिल्टन कीन्स हें नवें शहर वसविण्याचें जाहीर झालें. बाजाराच्या दिवशीं घोड्यावरून टोस्टरला येणाऱ्या शेतकऱ्याच्या सोयीनें आंखलेली हद्द आतां मोटारींच्या काळांत फार लहान ठरूं लागली होती. अधिकाऱ्यांचे पगार, हिशोबाचीं यंत्रें, सांडपाण्याचीं केंद्रें, यांचा खर्च लहान संस्थेस झेंपत नाहीं, असा युक्तिवाद होता, आणि तो खोटा नव्हता. १९७२ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील झाडून सारे ग्रामीण जिल्हे रद्द केले. १ एप्रिल १९७४ रोजीं टोस्टरचा ग्रामीण जिल्हा संपला. त्याचीं गांवें, शेजारचें ब्रॅक्ली शहर, ब्रॅक्लीचा ग्रामीण जिल्हा आणि नॉर्दॅम्प्टनच्या ग्रामीण जिल्ह्याचा बराच भाग मिळून 'साउथ नॉर्दॅम्प्टनशायर' झाला. त्याच दिवशीं पाणी व सांडपाणी हीं कामें मोठ्या प्रादेशिक मंडळांकडे गेलीं. म्हणजे ज्या एका कामासाठीं या संस्थेचा जन्म झाला होता तें काम नव्या संस्थेस मिळालेंच नाहीं.

नव्या जिल्ह्याचें ठाणें टोस्टरलाच राहिलें, एवढें समाधान होतें. तेंही कायम टिकलें नाहीं. २०१८ च्या फेब्रुवारींत खुद्द नॉर्दॅम्प्टनशायर कौंटी कौन्सिलानें, उत्पन्नांत खर्च भागत नाहीं म्हणून नवा खर्च थांबविण्याची कायदेशीर नोटीस काढली. शेवटीं ती कौंटी कौन्सिल आणि तिच्या पोटांतील सातही जिल्हे एकदमच रद्द झाले, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यांच्या जागीं दोनच संस्था आल्या. पॉलर्सपरी 'वेस्ट नॉर्दॅम्प्टनशायर' मध्यें गेली. लहान संस्थेस खर्च झेंपत नाहीं म्हणून ती मोडावी, आणि पुढें दिवाळें मोठीचेंच वाजावें, हें पाहून इतिहासाचा शिक्षक हंसला तर त्यास क्षमा असावी.

आपल्याकडेही असेंच घडलें आहे. मुंबई इलाख्यांतील तालुका लोकलबोर्डें १९३८ सालीं बंद झालीं व त्यांचें काम जिल्हा बोर्डाकडे गेलें. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या, आणि तालुक्यास पुन्हां निवडलेली संस्था मिळाली. इंग्लंडांत पायऱ्या कमी होत गेल्या, आपल्याकडे एक मोडलेली पायरी पुन्हां बांधली. आमचे आजोबा ज्या शाळेंत मास्तर होते तिला गांवांतील म्हातारे शेवटपर्यंत 'लोकलबोर्डाची शाळा' च म्हणत. बोर्ड जाऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं आणि शाळेच्या भिंतीवर दुसरेंच नांव रंगविलेलें होतें. टोस्टरकडील म्हाताऱ्यांच्याही तोंडीं असें एखादें जुनें नांव असेल.

त्या मुलास उत्तर द्यावयाचें राहिलें होतें, तें मीं कागदावर लिहून दिलें. केरीच्या जन्मकाळीं हंड्रेड क्लेली. १८३४ च्या कायद्यानंतर टोस्टर युनियन. १८९४ पासून टोस्टर ग्रामीण जिल्हा. १९७४ पासून साउथ नॉर्दॅम्प्टनशायर. २०२१ पासून वेस्ट नॉर्दॅम्प्टनशायर. त्यानें तो कागद वाचला आणि विचारलें, "आणि गांव?" मीं सांगितलें कीं, गांव पॉलर्सपरीच आहे, १८९४ च्या कायद्यानें खेड्यांस दिलेली पॅरिश कौन्सिल तेथें अजून आहे, आणि तिची सभा गांवांतच भरते.